परातीतला मुंजा

मला बघायला आलेल्या माणसाने पहिल्या भेटीत माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने माझ्या भावाकडे बघितलं. माझा भाऊ त्या वेळी बाहेरच्या खोलीत, माजघराच्या दाराशी, स्टुलावर ठेवलेल्या फुटक्या पितळी परातीत उभा होता. त्याने मुळांनी अर्धी वीट घट्ट धरून ठेवली होती आणि त्याची उंची दीड वीत होती. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा सांभाळून बघायला लागतात. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं घर चिंचवड गावात. पिंपरीच्या माळाला लागून आमचा जमिनीचा एक तुकडा होता. त्यात बाजरी आली तर आली, नाही तर दगड हमखास यायचे. पण बांधावर एक मोठा पिंपळ होता आणि माझा धाकटा भाऊ जिवंतपणीच त्या पिंपळावर राहायचा. शाळेतून आला की दप्तर खाली आणि हा वर. आई ताट घेऊन बुंध्याशी उभी राहायची आणि वर बघून ओरडायची. तो वरून विचारायचा, "भाजी कोणती आहे?" आणि उत्तर ऐकून मग खाली यायचं की नाही ते ठरवायचा. आईची मान त्या पोरापायी कायमची दुखावली होती.

आठव्या वर्षी त्याची मुंज केली. त्याच आषाढात विषमज्वराने तो गेला. मुंजीतले कपडे अजून नवेच होते.

मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला की तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असं आमच्याकडे मानतात. इतर लोक मुंजाला घाबरतात. दुपारच्या टळटळीत उन्हात त्या बाजूने जाताना पोरांना कडेवर घेतात. आमच्या आईला मात्र या समजुतीने जगवलं. ती म्हणायची, "तो कुठे जाणार? जिथे असायचा तिथेच असेल." दर शनिवारी ती बुंध्याशी दहीभात ठेवून यायची आणि येताना मान चोळत यायची, म्हणजे वर बघून बोलत असणार.

वडील अशा गोष्टी मानत नसत. काही ठाम बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे. "मुंजा-बिंजा काही नसतं," ते चष्मा काढून म्हणायचे आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

मग माळावर कारखाना आला. आमचा तुकडा गेला आणि त्याच्या बदल्यात वडिलांना त्याच कारखान्यात भांडारपालाची नोकरी लागली. पिंपळ नेमका कुणी तोडला ते आम्हाला कधीच कळलं नाही. कुंपणाची भिंत सरळ रेषेत जायची होती आणि पिंपळ रेषेत आला, एवढंच.

त्या शनिवारी आई दहीभात घेऊन गेली तर तिथे बुंध्याचा खुंट. ती खुंटाशेजारी बसली. विटांचे ट्रक येत-जात होते. तिथला मुकादम रावेतकडचा होता. तो येऊन म्हणाला, "आक्का, हिथनं उठा. ट्रक मागं येतोय."

"बसू द्या. तो आला आणि मी नसले तर कुठे शोधेल?"

मुकादमाने कोण येणार ते विचारलं नाही. त्याने काठीला लाल फडकं बांधून आईशेजारी रोवलं आणि ड्रायव्हरांना हाताने वळसा दाखवला. पुढे कितीतरी शनिवार मालाचे ट्रक माझ्या आईला वळसा घालून जात होते. नकाशात नसलेलं ते वळण इतकं रुळलं की ती नसतानाही ट्रक तिथे वळायचे.

पुढच्या श्रावणात खुंटाच्या बरोबर वर, नव्या भिंतीच्या फटीत, एक रोप उगवलं. करंगळीएवढं, चार हिरवी पानं. मुकादमाने आईला निरोप पाठवून बोलावून घेतलं. "आक्का, तुमचं पोरगं भिंतीतनं निगालं बगा. भिंत न्हाई देता यायची, पर ईट काडून देतो." आणि त्याने खरंच छिन्नीने हळूहळू वीट कोरून रोप अर्ध्या विटेसकट गोणपाटात गुंडाळून दिलं. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, कारण वीट कारखान्याची. तेव्हा भांडारपाल, म्हणजे आमचे वडील, चष्मा काढून आले आणि त्यांनी बाहेर नेण्याची चिठ्ठी लिहून दिली. अर्धी वीट, रोपासह. मुंजाचा उल्लेख त्यांनी तत्त्व म्हणून केला नाही.

वीट कुंडीत मावेना, बादलीत दिसेना. शेवटी तळाला चीर गेलेली परात सापडली. पाणी घातलं की चिरेतून आपोआप निथळायचं. तीत माती पसरून वीट बसवली. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "विटेवर उभा आहे हो, अगदी विठोबा." आई म्हणाली, "विठोबा कमरेवर हात ठेवून गप्प उभा राहतो. याचे हातपाय बघा कुठे कुठे पसरलेत."

पिंपळाच्या जागी उगवला म्हणजे पिंपळच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पानाला टोकाशी ती लांब शेपटी नव्हती, पण "लहान आहे अजून," असं आई म्हणायची. फाल्गुन आला, गावातले सगळे पिंपळ उघडेबोडके झाले, याचं पान हललं नाही. "दुधाचे दात पडायचेत त्याचे," असं आईने सांगितलं आणि विषय संपला.

झाड लहान का ठेवलं, हे मला पुढे खूप जणांनी विचारलं. त्यात काही कला नव्हती. माजघराच्या दाराच्या चौकटीवर आईने मुंजीच्या दिवशी धाकट्याची उंची मोजून चुन्याची खूण केली होती. परात स्टुलावर ठेवून ते स्टूल तिने त्या खुणेखाली लावलं. स्टूल, परात, वीट आणि झाड मिळून त्याच्या उंचीएवढे. खुणेच्या वर कोवळा फुटवा, डिरी, गेली की ती कात्रीने कापायची. तो आठ वर्षांचा होता, मग झाड नऊ वर्षांएवढं कसं होईल? आणि एकदा मला ती म्हणाली, "झाड मोठं झालं की हा वर जाऊन बसेल. मग मी पुन्हा मान वर करून हाका मारू? आता हाताशी आहे तो बरा आहे."  

वर्षातून एकदा ती त्याला परातीतून काढून मुळं छाटायची. त्याला ती नखं काढणं म्हणायची. फांद्या छाटण्याला केस कापणं. मधोमध एक डिरी जरा लांब ठेवायची, ती शेंडी. छाटल्यावर पांढरा चीक यायचा, तो वाळला की बोटांवर काळा पडायचा आणि साबणाने निघायचा नाही. आईचा अंगठा आणि पहिलं बोट कायम काळं असायचं. भाऊबीजेला मी परातीला ओवाळायचे. ओवाळणीत एक पान मिळायचं. आमचं भावाबहिणीचं भांडण काही कमी झालं नव्हतं, कारण ते पान कोणतं द्यायचं ते आई ठरवायची आणि नेहमी किडलेलं द्यायची.

मावशी चाकणला राहायची. तिच्याकडे जायचं म्हणजे भोसरीला जाऊन एसटी धरायची. आई एकदा धाकट्यालाही घेऊन निघाली, त्याला मावशीचा लळा होता म्हणून. गाडीत तिने कंडक्टरला सांगितलं, "दोन पूर्ण, एक अर्धं."

कंडक्टर चाकणकडचाच होता. त्याने परातीकडे बघितलं. "बाई, झाडाला तिकीट न्हाई लागत."

"झाडाला मागितलंच नाही. त्याच्यावर बसलाय त्याला हवंय. आठ वर्षांचा आहे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. एकोणिसाव्या वर्षी माणसाला मरावंसं वाटायला याहून कमी कारणं पुरतात. कंडक्टरने थोडा विचार केला आणि अर्धं तिकीट फाडलं. पण तो नियमाचा माणूस निघाला. तिकीट फाडल्यावर तो शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाकडे वळला, जो मांडीवर कांद्याचं पोतं घेऊन ऐसपैस बसला होता.

"पाव्हणं, सरका. ह्यांचं तिकीट हाय."

"कुणाचं?"

"मुंजाचं."

तो गृहस्थ आपलं पोतं घेऊन जो उठला तो थेट दरवाजाजवळ जाऊन उभा राहिला. त्याच्या बाकावर परात ठेवली. चाकणपर्यंत त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. आई तृप्त होती. चाकणला उतरल्यावर म्हणाली, "खिडकीची जागा मिळाली हो त्याला."

तर अशा घरात मला बघायला ते लोक आले. मुलगा कोकणातला, पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला. कारखान्याच्या रस्त्यांवर झाडं लावायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या बरोबर त्याचा मामा. मी मान खाली घालून पोहे दिले आणि पाटावर बसले. मामाने नाव, गाव, स्वयंपाक असं सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "मुलीला भावंडं किती?"

"एक भाऊ," आई म्हणाली. "धाकटा. हा काय, इथेच आहे."

मामाने दाराकडे बघितलं. दाराशी कुणी नव्हतं. "लाजतो वाटतं," मामा म्हणाला. वडील चष्मा पुसत होते.

मुलगा मात्र पोह्यांची बशी ठेवून उठला आणि थेट परातीपुढे उकिडवा बसला. त्याने वाकून मुळं बघितली, खोड बघितलं, फांद्यांच्या मधून आरपार बघितलं. मी इतकी चापूनचोपून नेसलेले, केसांत शेवंती माळलेली. त्याचं काही नाही. मग तो हरखून म्हणाला, "काकू, हे तुम्ही केलंत? जपानात याला बोन्साय म्हणतात. मी एका मासिकात चित्र बघितलं होतं, प्रत्यक्ष आज बघतोय."

"आमच्याकडे मुंजा म्हणतात," आई म्हणाली.

ते त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याने एक पान खुडलं. आई जागच्या जागी ताठ झाली. त्याने पान उजेडात धरलं, बोटाने त्याची जाडी चाचपली आणि तो म्हणाला, "पण हा पिंपळ नव्हे. शेपूट नाही पानाला. हा नांदरुक आहे. सदाहरित. पक्ष्याने कुठेतरी नांदरुकाची फळं खाल्ली असणार आणि भिंतीवर बसून..."

"म्हणजे माझं पोरगं कावळ्याने..." आई म्हणाली आणि थांबली. 

तेव्हा कुठे मला कळलं की काय झालं. मुंजा पिंपळावर राहतो. नांदरुकावर मुंजा राहतो असं कुणीच कधी ऐकलेलं नाही. हे झाड नांदरुक असेल तर इतकी वर्षं आई एका रिकाम्या झाडाची नखं काढत होती, आणि पिंपळ तर कधीच तुटला. मग तो आहे कुठे? मला त्या माणसाचा इतका राग आला की मी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो ते पान दोन बोटांत धरून उभा होता, आणि आपल्याकडून काहीतरी मोडलंय हे त्याला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. आणि सांगायची लाज कसली, तो मला आवडला.

मामा म्हणाला, "अरे, मुलगी पसंत आहे का ते बोल."

"काकू," तो म्हणाला, "माझं चुकतही असेल. साधी परीक्षा आहे. पिंपळ फाल्गुनात पानं टाकतो. नांदरुक सगळी पानं कधीच टाकत नाही."

"मग फाल्गुनात या," आई म्हणाली. "पानं गळली तर मुलगी तुमची. नाही गळली तर माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका."

असं माझं लग्न एका झाडाच्या पानगळीवर येऊन ठेपलं. मामाला यातलं काहीही समजलं नाही. त्याने गावी जाऊन सांगितलं की मुलीच्या भावाची प्रकृती बरी नाही, म्हणून बोलणी फाल्गुनापर्यंत पुढे ढकलली आहेत. कोकणातून त्या आजारी भावासाठी एक बरणीभर कोकम आलं.

मुलगा मात्र दर शनिवारी शिफ्ट सुटली की यायचा. झाडावर लक्ष ठेवायला. आईने त्याला अडवलं नाही, पण ती त्याच्याशी बोलत नसे. ती आत निघून जायची आणि मी चहा आणायचे. मला बघायला आलेला माणूस महिनोन् महिने माझ्या भावाला बघत होता आणि मी त्याला. हळूहळू तो चहाचा कप घेताना वर बघायला लागला. एकदा त्याने विचारलं, "तुमचा भाऊ कसा होता?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत बसले, भाजी विचारून खाली यायचा ते. त्याचा चहा गार झाला.

फाल्गुन लागला. गावातल्या देवळापुढचा पिंपळ सुकलेली पानं टाकायला लागला. आमचं झाड गर्द हिरवं. आई सकाळी उठून आधी परातीपुढे जायची, झाडाखालची माती बघायची आणि तशीच चुलीकडे यायची. तिचं जेवण कमी झालं. ती त्याला हाका मारायची बंद झाली होती. हे मला सहन होईना.

म्हणून एका दुपारी आई नदीवर गेली असताना मी चार पानं खुडली. एकदम सगळी खुडली तर संशय येईल, आणि झाडाने आपणच टाकली असं दिसायला हवं. देठांच्या जागी चीक आला तिथे चुलीतली राख लावली आणि पानं मातीवर पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी चार. तिसऱ्या दिवशी बघते तर मी हात लावायच्या आधीच खाली भरपूर पानं पडलेली.

माझ्या अंगावर काटा आला. मी त्या दिवशी काही खुडलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पानं पडली होती. मी मुंजा मानत नव्हते, वडिलांची मुलगी होते. पण त्या दिवसापासून माजघरात जाताना मी पदर सावरून, परातीला "आले हं" म्हणून जायला लागले.

वडिलांचं त्याहून विचित्र झालं. एका सकाळी ते परातीपुढे उभे होते. "आज फार गळली," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि चष्मा डोळ्यांवरच होता. दुसऱ्या दिवसापासून ते परातीसमोरून जाताना चपला हातात घ्यायला लागले.

आणि आमचा शेतकी कॉलेजवाला. तो शनिवारी आला, अर्धं झाड उघडं बघून त्याचा चेहरा उतरला. मी चहा घेऊन आले तर तो हात मागे घेऊन उभा. "असं होत नाही," तो म्हणाला. पुढच्या शनिवारी आला तर फक्त शेंडीची पानं उरली होती. तो खुर्चीत बसला. "कदाचित पिंपळ आणि नांदरुक यांचा संकर असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "कदाचित मला झाडांतलं काहीच कळत नसेल." मला त्याची फार दया आली. पण लग्न माझं होतं, मी गप्प राहिले.

होळीच्या आदल्या दिवशी झाडावर एक पान नव्हतं. मामाला बोलावणं गेलं. आई त्याला म्हणाली, "बघा." मामाने उघड्या काड्यांकडे बघितलं आणि हळहळून म्हणाला, "अरेरे, गेलं का?" त्याला समजावण्यात वेळ गेला, मग साखरपुडा ठरला.

आईने ताटलीत साखर आणली आणि सगळ्यांनी उजवे हात पुढे केले. मी वडिलांचा हात बघितला. अंगठा आणि पहिलं बोट काळं. मुलाचा हात बघितला. अंगठा आणि पहिलं बोट काळं. मी माझा हात मागे घेणार तोवर दोघांनी तो बघितला होता. तिघंही एकमेकांच्या बोटांकडे बघत राहिलो. म्हणजे चार पानं मी, चार वडील, शनिवारची याने, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीची आपोआप गळतायत. तीन शहाणी माणसं एका परातीपायी देवभोळी झाली होती. वडिलांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

खोलीत स्वच्छ हात एकट्या मामाचा होता. तो म्हणाला, "अरे, हात तरी धुऊन या सगळे."

मंडळी गेल्यावर आईने मला चुलीपुढे बसवलं, वाटीत गोडं तेल घेतलं आणि माझी बोटं चोळायला लागली. चीक तेलानेच निघतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. तिचीही बोटं काळी होती, पण ती नेहमीच असायची. चोळता चोळता ती म्हणाली, "देठाशी नखाने खुडायचं. ओढायचं नाही. तू आणि तुझे वडील दोघंही ओढत होता. साल निघाली त्याची."

"आई, तूपण?"

"शेंडीची मी काढली. तुम्हा लोकांचा हात तिथे धजावत नव्हता."

"मग तुला माहीत होतं? नांदरुक आहे ते?"

"या गावात जन्म गेला माझा. मला पिंपळाचं पान ओळखू येत नाही?" तिने माझं दुसरं बोट घेतलं. "त्या मुलाने म्हटल्यावर मी घाबरले, नाही असं नाही. चारचौघांत बोलला तो. मग विचार केला. आठ वर्षांचं पोर ते. पिंपळ काय आणि नांदरुक काय, त्याला कुठे कळतंय. जे दिसेल त्याच्यावर चढायचा."

मी तिथेच रडले. ती मला "तेल सांडेल" म्हणाली.

"मग खुडलीस कशाला?"

"तुझं लग्न नको व्हायला?"

वैशाखात लग्न झालं. तोवर झाडाला नवी पानं फुटली होती, मुगाच्या डाळीएवढी, कोवळी हिरवी. पिंपळाची पालवी तांबूस असते हे मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, पण कुणी अवाक्षर काढलं नाही. लग्नात कानपिळी असते. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरा त्याला काहीतरी भेट देतो. गुरुजींनी विचारलं, "मुलीचा भाऊ कोण?" दोन चुलतभाऊ पुढे सरसावले. आई माजघराच्या दाराशी गेली आणि परात घेऊन आली.

गुरुजींनी आधी आईकडे बघितलं, मग झाडाकडे. चाळीस वर्षं लग्नं लावलेला माणूस तो. त्यांनी फक्त, "जरा अलीकडे घ्या," असं म्हटलं.

आईने परात नवऱ्या मुलाच्या खांद्याशी धरली. पण फांदी ताठ, कान गोल. आई फांदी वाकवू बघत होती आणि ती मोडेल म्हणून पुन्हा सोडत होती. तेव्हा यांनी मुंडावळ्या बाजूला केल्या, गुडघे टेकले, आणि स्वतःच्या हाताने आपला कान धरून त्या फांदीच्या बेचक्यात नेऊन घातला. मांडवात कुणी हसलं नाही. मामा तेवढा माझ्या वडिलांना विचारत होता, "हा तोच ना, आजारी होता तो?"

वडील म्हणाले, "हो. आता बरा आहे."

मग भेट. यांनी खिशातून जरीची टोपी काढली, आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला बसेल एवढी, आणि झाडावर ठेवली. शेंडी आणि वरच्या फांद्या टोपीत गडप झाल्या, खाली फक्त खोड आणि वीट उरली. आईला हसू आवरेना. तो गेला त्या आषाढानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं, आणि ती हसता हसता परात खाली ठेवायची विसरली, तशीच टोपीवाला भाऊ कडेवर घेतल्यासारखी उभी राहिली.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही दोघं चिंचवडला गेलो. भाऊबीजेचं ताट घेऊन मी स्टुलापुढे बसले. बघते तर शेंडीची डिरी चौकटीवरच्या चुन्याच्या खुणेच्या चांगली बोटभर वर गेलेली. लग्नाच्या गडबडीत राहून गेलं असेल म्हणून मी कोनाड्यातली कात्री घेतली.

"राहू दे," आई आतून म्हणाली.

"खुणेच्या वर गेलंय, आई."

ती पदराला हात पुसत बाहेर आली, खुणेकडे बघितलं, डिरीकडे बघितलं आणि माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "त्याला नववं लागलं."

मग मी ओवाळलं. ओवाळणीत त्या वर्षी तिने मला चांगलं पान दिलं.